मॉडेल हेलिकॉप्टरचे बिघाड: आधी यंत्र, मग वीज, सेटिंग सर्वांत शेवटी

टेल डोलायला लागली की पहिला हात जातो तो ट्रान्समीटरच्या मेनूकडे. जायरोचा (मॉडेलचं वळणं ओळखणाऱ्या सेन्सरचा) गेन, म्हणजे सावरण्याचा जोर, थोडा खाली, मग थोडा वर, मग शेजारी उडवणाऱ्याच्या मॉडेलचे आकडे आपल्या मॉडेलमध्ये. मैदानावर हे दृश्य सर्रास दिसतं. खरा दोष मात्र बऱ्याचदा टेलच्या स्लायडरमध्ये (टेलच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या सरकत्या भागात) अडकलेल्या मातीत किंवा जेमतेम वाकलेल्या शाफ्टमध्ये असतो. फ्लायबारलेस युनिट, म्हणजे जायरो पोटात घेऊन मॉडेल स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, यंत्रातली खोट बऱ्यापैकी झाकून टाकतं, आणि तिथेच घोळ होतो. झाकलेली खोट उघडी पडते ती भर वेगात, जमिनीजवळ.

म्हणून या लेखातला क्रम ठरलेला आहे: आधी यांत्रिक भाग, मग वीजपुरवठा, मग रेडिओ, आणि गेनला हात सर्वांत शेवटी. उदाहरणासाठी 450 वर्गातलं इलेक्ट्रिक, कलेक्टिव्ह पिचचं (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलून वर-खाली जाणारं), फ्लायबारलेस हेलिकॉप्टर घेतलं आहे. 325 मिमीची पाती, तीन सेलची 2200 एमएएचची लिपो बॅटरी, 120 अंशांची स्वॉशप्लेट (मुख्य पात्यांचा कोन बदलणारी झुकती तबकडी) आणि बेल्टवर फिरणारी टेल. तैवानच्या अलाइन कंपनीच्या टी-रेक्स 450 मुळे हा आकार जगभर रुळला आणि त्या मापाचे सुटे भाग आजही सहज मिळतात. मोठ्या मॉडेलला आकडे बदलतात, तपासायची रीत तीच.

टेबलावर घेताना

मोटरच्या तीन तारांपैकी दोन काढा आणि मोकळी टोकं वेगवेगळी टेपने गुंडाळा. किंवा मोटर मागे सरकवून पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) मेन गिअरपासून सोडवा. मगच बॅटरी लावा. हे सांगून सांगून लोक कंटाळतात, पण एकदा हिशेब करून बघा: 2800 आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) साधारण 71 सेंमी व्यासाच्या रोटरचं टोक ताशी 375 किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. 30 ग्रॅमचं पातं धरलं आणि त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टपासून 20 सेंमीवर मानला, तर ते पातं हबला पन्नास किलोहून जास्त वजनाने बाहेर ओढत असतं. टेबलावर हे सगळं तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतं.

दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलून दोष गेला, तर कशामुळे गेला ते कळत नाही, आणि परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

थरथर शोधताना

थरथरीवर जास्त वेळ घालवावा असं माझं मत आहे, कारण बाकीचे निम्मे बिघाड तिच्यातूनच निघतात. जायरोला थरथर म्हणजे हालचाल वाटते. त्यातून टेल सरकते, स्वॉशप्लेट उगाच फडफडते, स्क्रू ढिले होतात, सोल्डर सुटतं.

आधी थरथर कुठून येते ते ओळखा. मुख्य रोटरची थरथर जाड असते, स्किड आणि कॅनोपी हलताना डोळ्यांना दिसतात. टेल रोटर मुख्य रोटरच्या चौपटीहून जास्त वेगाने, म्हणजे 12000 आरपीएमच्या आसपास फिरतो. त्याची थरथर बारीक असते. मागचा उभा फिन धूसर दिसतो, कडा फाटल्यासारखी वाटते. बूमवर एक झिप टाय घट्ट बांधा आणि त्याची शेपटी न कापता मोकळी ठेवा. ती कुठल्या आरपीएमला नाचायला लागते ते बघा. फोनचं स्लो मोशन चित्रण इथे फार कामाला येतं.

मग भाग काढत चला. या चाचणीसाठी मोटर जोडावी लागते, म्हणून स्किड टेबलाला पट्ट्याने बांधा, डोळ्यांवर गॉगल घाला आणि रोटरच्या पातळीत कुणी उभं राहू नका.

1. मुख्य आणि टेल, दोन्हीकडची पाती काढा. पात्यांचे बोल्टही काढा. मोटर हळूहळू अर्ध्या थ्रॉटलपर्यंत न्या. थरथर अजून आहे? मग दोष मेन शाफ्ट, हेड, गिअर, टेलचा हब किंवा मोटर यांतच.

2. तसं असेल तर पिनियन सोडवून नुसती मोटर फिरवा. तरीही थरथर राहिली तर मोटरचं बेअरिंग गेलंय किंवा तिचा शाफ्ट वाकलाय. गेली, तर दोष मोटरच्या पुढे आहे.

3. पात्यांशिवाय सगळं गुळगुळीत चालत असेल तर फक्त टेलची पाती लावून बघा, त्यानंतर मुख्य पाती. जी लावल्यावर थरथर परत आली, ती दोषी.

पाती दोषी ठरली तर बॅलन्सिंग करा. दोन्ही पात्यांचा गुरुत्वमध्य आधी जुळवायचा. प्रत्येक पातं पट्टीच्या धारेवर तोलून खूण करा. खुणा एका रेषेत आल्या नाहीत तर हलक्या बाजूला टेप लावून त्या आणा. मग दोन्ही पाती मुळाशी एकाच बोल्टने सरळ रेषेत जोडा आणि बोल्टची दोन टोकं दोन सारख्या उंचीच्या पेल्यांच्या काठावर टेकवा. जी बाजू खाली जाते ती जड. हलक्या पात्यावर गुरुत्वमध्याच्या खुणेपाशीच टेप गुंडाळा, म्हणजे आधीचं काम बिघडत नाही. टेलची पातीही अशीच तोला. ती लहान आहेत म्हणून कुणी तोलत नाही, आणि बारीक थरथर नेमकी तिथूनच येते.

वाकलेले शाफ्ट

पातं जमिनीला लागलं असेल, अगदी हलकं, तरी फेदरिंग शाफ्ट (हबमधून आडवा जाणारा, ज्याभोवती पात्यांचा कोन बदलतो तो दांडा) वाकलाय असं धरूनच चाला. स्वस्त भाग आहे. क्रॅशनंतर तो न तपासता सरसकट बदलावा, असं मी नव्या माणसाला सांगतो. तपासायचाच असेल तर एक सोपी युक्ती आहे. हबच्या दोन्ही टोकांच्या बोल्टमध्ये एकेक ॲलन की घाला आणि दोन्ही एकाच वेळी, एकाच दिशेने फिरवा. आतला शाफ्ट फिरतो, ग्रिप (पाती धरणारे भाग) फिरत नाहीत. पात्यांची टोकं वर-खाली झाली तर शाफ्ट वाकडा. शाफ्ट काढल्यावर काचेवर लोळवून बघा. काच आणि शाफ्ट यांच्यातली उजेडाची फट कमी-जास्त झाली की संपलं. सरळ करायच्या भानगडीत पडू नका. मेन शाफ्टलाही हीच काचेची परीक्षा.

शाफ्ट बदलताना ग्रिपमधलं थ्रस्ट बेअरिंग नीट बसवा. त्याच्या दोन चकत्या सारख्या दिसतात, पण एकीचं भोक किंचित मोठं असतं. मोठ्या भोकाची चकती आत, हबच्या बाजूला. लहान भोकाची बाहेर, बोल्टच्या बाजूला. उलटी बसवली तर ग्रिप फिरताना जड जाते, सर्व्होवर (पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरवर) ताण येतो, आणि वर काढलेला पन्नास किलोचा ओढा चुकीच्या जागी पडतो. मध्ये ग्रीस हवंच. कोकणात आणि गोव्यात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्यात मॉडेल पडून असेल तर ही बेअरिंग उघडून बघावी. खारी हवा त्यांना सोडत नाही.

धातूत धातू बसतो तिथे मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक, म्हणजे लॉकटाइट 243 सारखं, एक छोटा थेंब लावा. स्क्रूचं तेल आधी स्पिरिटने पुसा, नाहीतर ते धरत नाही. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला हे लावू नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

पात्याचा बोल्ट किती आवळायचा? मॉडेल आडवं धरा. पाती आपल्या वजनाने खाली पडता कामा नयेत, पण हलका हिसका दिला की सरकली पाहिजेत. अति आवळली तर रोटर सुरू होताना ती सरळ रेषेत येत नाहीत आणि मॉडेल जमिनीवरच गदागदा हलतं.

गिअर मेश, म्हणजे दातांची पकड, तपासताना मेन गिअर पूर्ण एक फेरी हाताने फिरवा. प्लॅस्टिकचा गिअर थोडा लंबगोल असतोच. जिथे सर्वांत घट्ट लागतो तिथे साध्या कागदाची पट्टी पिनियन आणि गिअर यांच्यामध्ये घालून मोटर आवळा. पट्टी काढल्यावर तिच्यावर दातांचे ठसे दिसावेत, ती फाटलेली नसावी. कर्कश किंचाळी येत असेल तर मेश घट्ट आहे, खडखड येत असेल तर सैल.

ट्रॅकिंग

दोन पाती वेगवेगळ्या उंचीवर फिरत असतील तर टोकांना दोन रंगांची टेप लावा आणि लांबून, रोटरच्या उंचीला डोळे आणून बघा. खालच्या पात्याची लिंक अर्धा फेरा लांब करा, फरक बघा, पुन्हा करा. पण काल ट्रॅकिंग बरोबर होतं आणि आज बिघडलं, तर लिंकला हात लावू नका. काहीतरी वाकलंय, सुटलंय किंवा झिजलंय. लिंक फिरवून तुम्ही फक्त पुरावा पुसाल.

टेल

पहिली परीक्षा हाताने. टेलची लिंक बॉलवरून काढा आणि मॉडेल नाक वर, नाक खाली असं करा. स्लायडर स्वतःच्या वजनाने शाफ्टवर मागे-पुढे घसरला पाहिजे. अडखळत असेल तर आधी तेच दुरुस्त करा: स्लायडरच्या फटीत लाल माती असते, टेल शाफ्ट थोडा वाकलेला असतो, किंवा पिच लिंकचे छोटे स्क्रू जास्त आवळलेले असतात. मग लिंक परत लावून सर्व्होच्या आर्मपाशी बोटाने हलकेच ढकला. पात्याचा कोन लगेच बदलला पाहिजे. आर्म हलतो आणि कोन थोडा उशिरा हलतो, तेवढी सैलाई जायरोला कुठल्याही गेनने भरून काढता येत नाही.

हे झालं की लक्षणं वाचता येतात. जलद, थरथरल्यासारखी डोलणारी टेल म्हणजे बहुधा गेन जास्त. संथ, रुंद डोलणं म्हणजे गेन कमी, सर्व्हो मंद किंवा कुठेतरी अडकतंय. अचानक कलेक्टिव्ह दिल्यावर नाक फिरतं आणि मग सावरतं, तर मुख्य रोटरचा आरपीएम कमी आहे, टेलच्या प्रवासाची मर्यादा आखूड ठेवली आहे, किंवा बेल्ट दात सोडतोय. बेल्ट दात सोडताना टर्र असा आवाज येतो.

रोटर वेग घेताच मॉडेल गरगर फिरायला लागलं तर जायरो उलटा आहे. जमिनीवर तपासा: नाक हाताने डावीकडे वळवा. उजवी रडर स्टिक दिल्यावर टेल सर्व्हो ज्या दिशेला जातो, त्याच दिशेला तो आता गेला पाहिजे. स्वॉशप्लेटसाठी मॉडेल पुढे झुकवा. स्वॉशप्लेट मागे झुकली पाहिजे, म्हणजे जमिनीला समांतर राहायला बघते. ही परीक्षा प्रत्येक दुरुस्तीनंतर करा. बेल्ट नव्याने घातला असेल तर त्याचा पीळ उलटा पडलेला नाही ना हेही बघा. मुख्य रोटर उडताना फिरतो त्या दिशेने हाताने फिरवला, की टेलची पाती जाड कड पुढे ठेवून फिरली पाहिजेत.

टेल एकाच बाजूला हळूहळू सरकत राहत असेल तर रडरचा ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर आहे का ते बघा. एसी गाडीतून काढून उन्हात ठेवलेलं मॉडेल लगेच सुरू केलं तरी हे होतं. दहा मिनिटं बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग बॅटरी लावा, आणि युनिट सुरू होईपर्यंत मॉडेलला हात लावू नका. हलवलं तर काही युनिटं सुरूच होत नाहीत, आणि लोक ते युनिट मेलं म्हणून दुकानात परत नेतात.

मोटर बंद असताना हेडिंग होल्ड मोडमध्ये (जायरो नाकाची दिशा धरून ठेवतो त्या मोडमध्ये) टेल स्लायडर एका टोकाला रांगत जातो. स्टिक सोडल्यावर स्वॉशप्लेट लगेच सरळ होत नाही. हे दोन्ही दोष नाहीत. युनिटला मॉडेल फिरल्याचं कळत नाही, म्हणून ते जोर लावत राहतं.

सर्व्हो आणि लिंक

वीज बंद ठेवून प्रत्येक सर्व्होचा आर्म हाताने टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्ये टक् करून दात निसटला तर गिअर गेलाय. सर्व्हो मधल्या जागेवर कुरकुरत, थरथरत राहत असेल तर आतलं पोटेन्शिओमीटर झिजलंय किंवा लिंक अडकतेय. लिंक काढून बघा, आवाज थांबला तर सर्व्हो निर्दोष. बॉल लिंक बॉलवर मोकळी फिरली पाहिजे, पण डगमगता कामा नये. बऱ्याच लिंकच्या एका बाजूला अक्षर कोरलेलं असतं, ती बाजू बाहेर ठेवायची.

नवा टेल सर्व्हो लावताच तो एका टोकाला जाऊन गुरगुरतोय? ताबडतोब बॅटरी काढा. टेल सर्व्हो दोन प्रकारचे मिळतात: मधल्या जागेसाठी 1520 मायक्रोसेकंदाचा सिग्नल घेणारे आणि 760 चा घेणारे. युनिटमध्ये चुकीचा प्रकार निवडला तर सर्व्हो मिनिटाभरात जळू शकतो. ॲनालॉग सर्व्होला डिजिटलची 333 हर्ट्झची गती दिली तरी तेच.

रेडिओला दोष देण्याआधी वीज बघा

"ग्लिच आला आणि पडलं" हे वाक्य मैदानावर सतत ऐकू येतं. 2.4 गिगाहर्ट्झच्या जमान्यात खरा रेडिओचा अडथळा क्वचित असतो. बऱ्याचदा झालेलं असतं ते ब्राउनआउट: चार सर्व्होंनी एकदम वीज ओढली, बीईसीचा (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणाऱ्या सर्किटचा) व्होल्टेज कोसळला, रिसीव्हर क्षणभर बंद पडला.

तपासणी अशी. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला छोटा व्होल्टमीटर लावा. मोटर सोडवलेली ठेवा आणि दोन्ही स्टिक जोरात गोल गोल घुसळा. 5 व्होल्टचा पुरवठा साडेचारच्या आसपास घसरत असेल तर उडवू नका. बरेच रिसीव्हर साडेतीनच्या आसपास बंद पडतात, आणि हवेतला ताण टेबलावरच्या ताणाहून जास्त असतो. वेगळा, जास्त ॲम्पिअरचा बीईसी हाच खरा उपाय. कपॅसिटर लावल्याने क्षणिक खड्डे भरतात, कमकुवत बीईसी त्याने सुधारत नाही. काही रिसीव्हर वीज तुटून परत आली की उतरल्यावरही दिवा लुकलुकवत ठेवतात. क्रॅशनंतर बॅटरी काढायच्या आधी तो दिवा बघा.

कार्बन फायबरमधून वीज वाहते, हेही विसरू नका. फ्रेमच्या धारदार कडेवर सर्व्होची तार घासली की आतली तांब्याची तार उघडी पडते आणि अधूनमधून शॉर्ट होतो. असा दोष शोधायला दिवस जातात. म्हणून फ्रेमच्या कडा बारीक फाइलने आधीच घासून घ्या आणि तारांवर जाळीची नळी चढवा.

मोटर सुरू होताना पुढे-मागे झटके देते पण फिरत नाही, तेव्हा तीन तारांपैकी एकीचा संपर्क तुटलेला असतो. बुलेट कनेक्टरचं सोल्डर बघा. थ्रॉटल वाढवून ती चालू करायचा प्रयत्न ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, जाळतो. ईएससी अजिबातच तयार होत नसेल तर थ्रॉटलची रेंज पुन्हा शिकवा, आणि फुटाबाचा ट्रान्समीटर असेल तर थ्रॉटल चॅनेल उलटा करून बघा.

लिपोबद्दल थोडक्यात: पूर्ण भरलेली 12.6 व्होल्ट, उतरल्यावर प्रत्येक सेल 3.7 च्या खाली नको, ठेवून द्यायची असेल तर 3.8 ते 3.85. एक सेल इतरांपेक्षा 0.1 व्होल्टहून जास्त मागे राहत असेल तर ती बॅटरी हेलिकॉप्टरला लावू नका.

आता रेडिओ

रिसीव्हरच्या अँटेनाचं उघडं टोक सुमारे 31 मिमी असतं, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीच्या लांबीचा चौथा भाग. ऐकतो तो फक्त हा भाग, मागची जाड तार नाही. दोन अँटेना एकमेकींशी 90 अंशांत ठेवा, आणि उघडी टोकं कार्बनच्या फ्रेमला किंवा बॅटरीला चिकटू देऊ नका. टोक कापलं गेलं असेल तर अँटेना बदला, जोड देऊ नका.

रेंज टेस्ट ट्रान्समीटरची शक्ती कमी करून होते. स्पेक्ट्रमच्या सेटवर हे अंतर 30 पावलं आहे, इतरांचं मॅन्युअलमध्ये बघा. एकदा मोटर बंद ठेवून करा. दुसऱ्यांदा पाती काढून, मोटर फिरवून, मॉडेल बांधून आणि जवळ एक माणूस उभा करून. पहिली जमली आणि दुसरी फसली तर रेडिओतला अडथळा मॉडेलच्या आतूनच येतोय.

बेल्टच्या टेलचा एक खास रोग आहे, स्थिर विजेचा. कोरड्या हवेत बेल्ट घासून वीज साठते, बूमवरून ठिणगी उडते आणि सर्व्हो झटका मारतात किंवा युनिट रीसेट होतं. जुन्या 35 आणि 72 मेगाहर्ट्झच्या सेटवर हे फार व्हायचं, आता कमी, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात मी हेच आधी तपासेन. बूम, फ्रेम आणि मोटरचं धड एका तारेने जोडा आणि मल्टीमीटर लावून ते खरंच जोडले गेलेत का ते बघा. बूमवरचा रंग किंवा ॲनोडायझिंग वीज अडवतं, तार जोडायची तेवढी जागा खरवडून घ्या.

फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) सेट केला म्हणून भागत नाही, तो करून बघा. पाती काढा, मोटर हळू चालवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. दुसऱ्या मॉडेलची मेमरी निवडून तेच पुन्हा बघा: ज्या सेटमध्ये मॉडेल मॅच (चुकीच्या मेमरीवर मॉडेल सुरू होऊ न देणारी सोय) नाही, तिथे चुकीच्या मेमरीवरही मॉडेल सुरू होतं, सर्व्होच्या दिशा उलट्या असतात आणि थ्रॉटल मात्र चालतो.

भारतात 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 च्या नियमांनी ठराविक शक्तीपर्यंत परवानामुक्त आहे. उडवायच्या जागेचं मात्र तसं नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते आधी बघून घ्या.

दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण

पूर्ण बॅटरी, गेन जुनाच. अर्धा मिनिट कमरेच्या उंचीवर हॉवर, मग खाली. थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारा स्विच) टाका, रोटर थांबू द्या, बॅटरी काढा. मोटर आणि ईएससीला बोट लावा. दोन-तीन सेकंदही बोट टेकवता येत नसेल तर मेश, पिनियनचा आकार किंवा टायमिंग यांपैकी काहीतरी चुकलंय. घरी महत्त्वाच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून फ्रेमवर मार्करने एक रेघ ओढलेली असू द्या. रेघ तुटलेली दिसली तर तो स्क्रू काढा, पुसा, नव्याने थ्रेडलॉक लावा. रेघा जुळत असतील आणि टेल अजून किंचित डोलत असेल, तर आता ट्रान्समीटर उघडा आणि गेन पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनी बदला.